गुलाबांची शिस्त

साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कार्यालयाने सुटकेचा निःश्वास टाकला. घराला तो टाकायची सोय नव्हती.

साहेबांची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. खात्यातली फायलींची कपाटे त्यांनी पुन्हा पुन्हा लावली. आधी विषयवार, नंतर वर्षवार आणि शेवटी जाडीवार. जाडीवार लावल्यावर कोणालाही काहीही सापडेना, पण कपाटे उघडली की दृश्य मोठे देखणे दिसे. पाहणीला आलेल्या एका वरिष्ठांनी ते बघून मान डोलावली होती. त्या डोलावलेल्या मानेवर साहेबांनी उरलेली नोकरी काढली.

घरी बसल्यावर त्यांनी चमच्यांचा खण लावला, चपला लावल्या, औषधांच्या गोळ्या रंगाप्रमाणे लावल्या. डोकेदुखीच्या आणि जुलाबाच्या गोळ्या पांढऱ्या म्हणून एका डब्यात आल्या. त्यानंतर एके दिवशी मुलाचे डोके दुखले. पुढचे सांगायला नको. मुलाने आठवडाभर पातळ भात खाल्ला, पण वडिलांना एक शब्द बोलला नाही. तो तसा कोणालाच कधी काही बोलत नसे आणि या गुणाला तो स्वभावाचा चांगुलपणा समजत असे.

घरात बोलण्याचे काम सुनेकडे होते, तेही नोकरी म्हणून. ती पाणीपुरवठ्याच्या तक्रार केंद्रात फोन घ्यायची. दिवसभर लोक तिच्या कानात ओरडायचे आणि ती म्हणायची, “आपली गैरसोय आम्हाला समजते.” घरी आली की हातपाय धुऊन ती बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर एक खेळ लावी. खेळात एक बेट होते, बेटावर तिचे छोटे घर, कोट घातलेले शेजारी प्राणी, ओढा आणि फुले. तिथे कोणी हरत नाही, कोणी मरत नाही आणि शेजारचे अस्वल जे दिसेल त्याला छान म्हणते. मोठ्या बाईने असले खेळ खेळावेत का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी तक्रार केंद्रात एक दिवस बसून बघावे.

त्या बेटावर एक बाई नेमाने यायची. तिला सगळे चिमणी म्हणत. पूर्वी ती केंद्रात सुनेच्या शेजारच्या खुर्चीत होती. नवऱ्याची बदली झाली, तशी ती दूरच्या शहरात गेली आणि तिथेही फोनच घेऊ लागली. कान दिवसभर तापलेले, त्यामुळे संध्याकाळी आणखी एक फोन कानाला लावायची दोघींनाही इच्छा नसे. मग चिमणी खेळातून बेटावर यायची, झारी घेऊन गुलाबांना पाणी घालायची, एकदा हात हलवायची आणि जायची. बोलणे असे व्हायचेच नाही. दोघींची मैत्री उरली होती ती एवढ्यातच, आणि दोघींना तेवढी पुरत होती.

पाहुण्याने पाणी घातले की या खेळात संकर लवकर होतो. दोघींना निळा गुलाब हवा होता. तो दुकानात मिळत नाही, पैदाच करावा लागतो. आधी केशरी आणि जांभळ्या गुलाबांची जोडी लावायची. त्यांच्या पोटी क्वचित एक लाल गुलाब येतो. असे लाल साठवून त्यांच्या जोड्या लावल्या की कधीतरी, आलाच तर, निळा. अडचण अशी की हा लाल आणि पाकिटातल्या बियांतून उगवलेला साधा लाल दिसायला हुबेहूब सारखे असतात. साध्याच्या सात पिढ्या लावल्या तरी निळा येत नाही. खेळ कुठेही पाटी लावत नाही. कोणता लाल कोणाच्या पोटचा, हे जागेवरून लक्षात ठेवायचे. म्हणून सुनेने आपले निवडक लाल ओढ्याकाठी वेगळे लावले होते, एकाआड एक जागा रिकामी सोडून, कारण नवे रोप रिकाम्या जागेतच उगवते. पहिला निळा आला की त्याचे दुसरे रोप वाढवायचे, एक इथे, एक चिमणीकडे, असा दोघींचा करार होता.

साहेबांनी हे सगळे सोफ्यावरून पाहिले.

“सूनबाई, बाग आहे की उकिरडा?”

“बाग आहे, बाबा.”

“मग लाल इकडे चार, तिकडे दोन, मध्ये खड्डे. हे कोणी मंजूर केलं?”

“मीच.”

“तरीच,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलगा बायकोला म्हणाला, “अगं, बाबांना दुपारी वेळ जात नाही. खेळू दे ना त्यांना.”

“खेळू दे की. त्यांचं वेगळं खातं काढून दे.”

“काढतो.”

त्याने काढले नाही. सुनेचे खाते उघडून त्याने वडिलांच्या हातात दिले आणि आपण मोठी सोय केली अशा समाधानात तो झोपायला गेला.

त्याच आठवड्यात शहरातली मोठी जलवाहिनी फुटली. सुनेला दुहेरी पाळी लागली. ती घरी यायची ती थेट आडवी व्हायची. बेटावर तिच्या नावाने, तिचा फुलाफुलांचा झगा घालून, साहेब फिरत होते.

मासे धरण्यात त्यांना रस वाटला नाही. माशांना शिस्त नसते. फुलांना मात्र ती लावता येण्यासारखी होती. त्यांनी सगळे गुलाब उपटले. लाल विभाग, पिवळा विभाग, पांढरा विभाग. प्रत्येक विभागात सरळ रांगा आणि दोन रांगांमध्ये पाहणीसाठी वाट. ओढ्याकाठचे लाल आणि कुंपणालगतचे साधे लाल एकत्र आले आणि रांगेला लागले. रांगा पूर्ण भरल्यावर जी रोपे उरली ती आणि विभाग नसलेली केशरी, जांभळी साहेबांनी जादा म्हणून निकालात काढली. काम संपल्यावर अस्वलाने टाळ्या वाजवल्या. अस्वल दगड उचलला तरी टाळ्या वाजवते. साहेबांनी ती वरिष्ठांची दखल समजून घेतली आणि जेवताना मुलाला दोनदा सांगितली.

जलवाहिनी दुरुस्त झाली. सून वेळेवर घरी आली, चहा घेऊन बसली आणि तिने खेळ लावला. चहा तसाच राहिला.

“हे कोणी केलं?”

“कसं वाटतं?” साहेब मागून म्हणाले. “आता कुठे बागेला बाग म्हणता येईल.”

“ओढ्याजवळचे लाल कुठे आहेत?”

“लाल विभागात.”

“त्यातले कोणते?”

“कोणते म्हणजे? लाल!”

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. तो मोबाइलमध्ये पाहत होता. आपल्याकडे पाहिले जात आहे हे कळल्यावर त्याने मान वर केली आणि म्हणाला, “अगं, लालच आहेत ना सगळे?”

“तुझ्या बाबांचे केस पांढरे आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकांचेही पांढरेच आहेत. उद्या सोफ्यावर त्यांना आणून बसवते, चालेल?”

“आता यात बाबांना कशाला मध्ये आणतेस?” तो म्हणाला. बाबा पहिल्यापासून मध्येच होते.

ती रांगा पाहत बसून राहिली. चिमणीची यायची वेळ टळून गेली. दुसऱ्या दिवशीही चिमणी आली नाही. तिसऱ्या दिवशी सुनेने खेळातले जुने निरोप उघडले. शेवटचा निरोप तिच्याच नावाने चिमणीला गेला होता: ‘बाहेरच्यांनी बागेत विनापरवानगी वावरू नये. आदेशावरून.’

तिने आत जाऊन फोन लावला. किती महिन्यांनी लावत होती तेही तिला आठवेना. चिमणीने उचलला, पण बोलली ती गिऱ्हाइकाशी बोलतात तशी.

“बोला.”

“अगं, मी आहे.”

“माहीत आहे. आदेश द्यायचा राहिला का एखादा?”

“ते मी लिहिलं नाही.”

“तुझ्या नावानं आलं, तुझ्या झग्यातून आलं. आणि निरोपाचं सोड गं. मी तिथे उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर उपटलंस.”

“काय उपटलं?”

“आता नाटक नको करूस. निळा.”

“निळा आला होता?”

“लाल रांगांच्या मधल्या वाटेत आला होता,” चिमणी म्हणाली. “तू रांगा लावल्यास तेव्हाच वाटलं, हिचं डोकं फिरलंय. तरी मी पाणी घालत राहिले. निळा दिसला तेव्हा मी खरोखरीची किंचाळले, इकडे सासूबाई धावत आल्या. आणि तू शांतपणे आलीस, तो उपटलास, खिशात घातलास आणि मला हाकललंस. निळा मिळाला, आता पाणी घालायला बाहेरची कशाला, बरोबर ना? मला एक रोप नको होतं गं. निदान सांगायचं तरी.”

सुनेने तक्रार केंद्रात अनेक वर्षे काढली होती. रागावलेल्या माणसापुढे खुलासा करण्यात अर्थ नसतो, संबंधित माणसालाच बोलते करावे लागते, हे तिला ठाऊक होते. ती बाहेरच्या खोलीत आली. साहेब खेळात पांढऱ्या विभागाची पाहणी करत होते. तिने फोनचा स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्यासमोर ठेवला.

“बाबा, बागेत मधे एक निळं फूल आलं होतं का?”

“आलं होतं की. भर वाटेत! तेही लाल विभागात.”

“मग?”

“मग काय, उपटलं.”

“आणि कुठे लावलंत?”

“लावणार कुठे? निळ्यांची रांगच नाही. एकट्यासाठी रांग काढायची? आज त्याला काढली की उद्या जांभळा म्हणेल, मलाही काढा.”

“मग आहे कुठे ते?”

“कचरापेटीत. सकाळी पेटी आपोआप रिकामी होते. ती व्यवस्था मात्र चांगली ठेवली आहे, हं.”

फोनमधून चिमणी म्हणाली, “काका, म्हणजे तो फुलाफुलांचा झगा घालून फिरणारे तुम्ही?”

साहेब दचकले. “कोण बोलतंय?”

“बाहेरची. झारीवाली.”

“अच्छा, त्या तुम्ही. बाई, तुम्ही रोज येत होता, कुणाची परवानगी नाही, काही नाही. उद्या फुलं चोरीला गेली असती तर जबाबदारी कोणाची?”

“खरं आहे. तुम्ही होतात म्हणून वाचली.”

“तेच म्हणतो मी,” साहेब समाधानाने म्हणाले.

चिमणी हसू लागली. इतकी हसली की मागून तिच्या सासूने काय झाले म्हणून विचारल्याचे ऐकू आले. सुनेला हसू आले नाही. तिने फोन उचलून पुन्हा कानाला लावला आणि स्वयंपाकघरात गेली.

“मॅडम,” चिमणी म्हणाली. केंद्रात ती तिला याच नावाने हाक मारायची. “चुकलं माझं. पण कसं ओळखणार गं? चालत तर तूच होतीस.”

“मी रांगा लावीन असं वाटलं तुला. इतक्या वर्षांनी.”

“वाटलं खरं. शिव्या घाल.”

“घालते नंतर. तुझ्या बेटावर जागा आहे?”

“तळ्याकाठी आहे थोडी. पण सगळं पाकिटापासून सुरू करावं लागेल. केशरी, जांभळा, सगळंच.”

“करू.”

स्वतःच्या मोबाइलवर नवे खाते काढायला सुनेला जेवढा वेळ लागला तेवढ्यात नवऱ्याला टीव्हीचा रिमोटही सापडला नसता. त्याने दारात उभे राहून विचारले, “आणि ते जुनं बेट?”

“बाबांना राहू दे.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं? तू उगाच चिडतेस. मिटलं ना?” तो म्हणाला आणि मिटवल्याचे श्रेय घेऊन गेला.

तेव्हापासून सून संध्याकाळी खिडकीपाशी मोबाइल घेऊन बसते आणि दर रविवारी चिमणीला फोन करते. तळ्याकाठी पहिला जांभळा आला आहे. निळ्याला अवकाश आहे. येईलच असेही नाही.

साहेब टीव्हीपुढे असतात. त्यांच्या बेटावर कोणी येत नाही, त्यामुळे रांगा बिघडत नाहीत. परवा त्यांनी मान न वळवता विचारले, “सूनबाई, ते निळं पुन्हा आलं तर काय करायचं? एकदा स्पष्ट सांगून ठेव.”

सुनेने क्षणभर त्यांच्या पाठीकडे पाहिले.

“टाकून द्या, बाबा,” ती म्हणाली. “निळ्यांची रांग नाही ना आपल्याकडे.”

“तेच म्हटलं, विचारलेलं बरं,” साहेब म्हणाले. वरून स्पष्ट आदेश आला की त्यांना बरे वाटे. ते पुन्हा वाटेवर नजर ठेवून बसले.