समजूत

पिस्टन आत जाईना.

मेस्त्रींनी क्लॅम्पचा दांडा आणखी अर्धा फेरा आवळला. पुढची दोन्ही चाकं सकाळीच झाली होती. जुने ब्रेक पॅड काढले, क्लॅम्प लावला आणि लोण्यात बोट शिरावं तसे पिस्टन मागे सरकले. नवे पॅड जाड. पिस्टन मागे सरकल्याशिवाय त्यांना जागा व्हायची नाही, एवढी साधी गोष्ट. चाळीस वर्षं हेच तर केलं. मग हे मागचं चाकच का हटून बसलंय?

त्यांनी ब्रेकच्या तेलाचं झाकण सैल आहे ना, ते पाहिलं. होतं. हँडब्रेक सोडलाय ना, ते पाहिलं. सोडला होता. मग पुन्हा झाकण पाहिलं, आणि हे मघाशी पाहिलं की सकाळी, याचाच घोळ होऊन बसला.

परवा एका गाडीच्या चाकाचे नट त्यांच्या हातून सैल राहिले होते. लेकीने वेळेवर पाहिले म्हणून निभावलं. तेव्हा त्यांनीच तिला बजावलं होतं, "ब्रेकच्या कामात माझी एक जरी चूक दिसली, तरी ब्रेक माझ्या हातून काढून घे. दुसऱ्याचा जीव असतो त्यात." लेक हसून 'बरं' म्हणाली होती. मेस्त्री मात्र हसले नव्हते.

पिस्टनच्या तोंडावर अधिकच्या चिन्हासारख्या खाचा होत्या. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटावं, आपण हसून 'काय, बरंय ना?' म्हणावं आणि नाव काही केल्या आठवू नये, तसे मेस्त्री त्या खाचांकडे बघत राहिले. कशाला बरं असतात या? त्यांनी आणखी आवळलं. आतून कुरकुर ऐकू आली.

"बाबा, कुणाचा गळा दाबताय?" शेजारच्या गाडीखालून लेकीने विचारलं. तिचे फक्त बूट दिसत होते.

"जाईना गं आत."

"मागे ना? मग जोर कशाला लावताय? समजूत घाला की."

मेस्त्रींनी मागे वळून पाहिलं. मागे भिंतीशी बाकावर नर्सबाई बसल्या होत्या. गाडी त्यांचीच. दोन वाजता ड्यूटी, म्हणून सारख्या घड्याळ बघत होत्या. खरंच की. बिचाऱ्या सकाळपासून ताटकळताहेत आणि आपण साधी विचारपूसही केली नाही. पोरीचं बरोबर लक्ष असतं.

ते हात पुसून बाकाच्या कडेला जाऊन बसले.

"बाई, मनाला लावून घेऊ नका."

"काय?"

"वेळ लागतोय, मान्य आहे. पण देवाच्या दारात आणि मेस्त्रीच्या दारात घाई करून भागत नाही. गाडी एक वेळ निघाली नाही तरी चालतं. निघालेली थांबली नाही तर चालत नाही."

"अहो, पण मी कुठे काय म्हणाले?"

"म्हणाला नाहीत, हाच तुमचा मोठेपणा. धीर धरा."

नर्सबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "मेस्त्री, 'धीर धरा' हे मी वॉर्डात रोज नातेवाइकांना सांगते. ते कधी सांगायचं, मला चांगलं ठाऊक आहे. काय झालंय ते खरं सांगा."

गाडीखालचे बूट हलायचे थांबले होते.

लेक बाहेर आली. भिंतीकडे गेली, खिळ्यावरून एक हत्यार काढलं आणि बापासमोर धरलं.

"बाबा, ही समजूत," ती हळूच म्हणाली.

वीतभर लोखंडी दांडा, टोकाला दोन दात. मागच्या चाकात हँडब्रेक जोडलेला. तिथला पिस्टन नुसता दाबून जात नाही, त्या खाचांत दात बसवून, दाबत दाबत फिरवावा लागतो. हत्यार मेस्त्रींनीच जुन्या पान्याला वेल्डिंग करून बनवलं होतं आणि नावही त्यांनीच ठेवलं होतं. "माणूस असो की पिस्टन, दाबून वळत नाही, समजूत घालावी लागते." वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलेला विनोद. नर्सबाईंनीही दोनदा ऐकला होता. त्या आता मेस्त्रींकडे, वॉर्डात बघावं तशा, नीट बघत होत्या.

"ही मी केली?"

"तुम्हीच की."

लेकीने क्लॅम्प काढला, टॉर्च धरून पिस्टनभोवतीचं रबर पाहिलं. फाटलं नव्हतं, तेलही कुठे झिरपत नव्हतं. मेस्त्री हत्यार घेऊन चाकाशी बसले. दात खाचांत बसले आणि मनगट आपसूक वळलं. फेऱ्यागणिक त्यांच्या ओठांवर देवाचं नाव येत गेलं, नेहमीसारखं. आणि पिस्टन, शहाण्या लेकरासारखा, आत जात राहिला. हाताला सगळं आठवत होतं. त्याने मालकाला तेवढं कळवलं नव्हतं.

दोन्ही मागची चाकं झाली. आता ब्रेकचं पेडल मारून पॅड जागेवर आणायचे तेवढे राहिले होते. मेस्त्री दार उघडून सीटवर बसायला वाकले आणि तसेच थांबले.

"पेडल तू मार. कडक होईपर्यंत."

"तुम्हीच मारा ना, बाबा. एवढं काही झालं नाही. होतं असं कुणाचंही."

"अगं," ते म्हणाले, "आता माझी समजूत घालू नकोस."

तिने हातातला टॉर्च खाली ठेवला.

"ब्रेक आजपासून तुझे. मी बाकीचं बघेन. आणि बाकावरच्यांना बघेन, तेही काम असतंच."

ती सीटवर बसली. पहिल्यांदा पेडल तळापर्यंत गेलं, दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबलं, चौथ्या वेळी दगडासारखं कडक झालं. चाकापाशी उकिडवे बसलेले मेस्त्री प्रत्येक वेळी मान डोलवत होते.

नर्सबाई दोनच्या आत गेल्या. फाटकापाशी त्यांच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले, गाडी जागच्या जागी थांबली, मग वळली. मेस्त्री हात धुवायला गेले.

लेकीने भिंतीकडे पाहिलं. त्यांनी समजूत पकडीच्या खिळ्याला अडकवली होती. तिने ती काढायला हात वर नेला आणि खाली घेतला. मग पकड उचलून समजुतीच्या खिळ्याला लावली.