घरचं की बाहेरचं

साहेब, बागेच्या फाटकावरची ती पाटी तुम्ही लावलीत, आणि लावताना डोकं वापरलं नाहीत. मला न बघता, न उघडता, एका फोनवर तुम्ही मला बाहेरची ठरवलंत. आता माझी बाजू ऐका. मित्रांनो, तुम्हीही ऐका. साहेबांना ऐकायची सवय नाही, तेव्हा साक्षीला कोणीतरी हवं.

मी एक जुनी वेताची करंडी आहे. झाकणाची, दोन मुठींची. मला विणणारा कारागीर हाताने पक्का होता, पण डोळ्याने अधू झाला होता. बूड त्याने असं घट्ट विणलं की आजही त्यातून मोहरी गळणार नाही. झाकणात मात्र एक पट्टी चुकला. त्यामुळे माझं झाकण एकाच बाजूने बसतं. फिरवून ठेवलं की रुसल्यासारखं वरच राहतं. गिऱ्हाईक यायचं, झाकण उलटं ठेवायचं आणि नाक मुरडून जायचं. मी दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडले होते.

एक दिवस गळ्यात मोजपट्टी अडकवलेली एक शिंपीणबाई आली. तिनेही झाकण उलटंच ठेवलं. मग फिरवून ठेवलं. बसलं. दुकानदाराला म्हणाली, "बिघडलेली नाही ही. हिची बाजू समजून घ्यावी लागते, एवढंच."

ती आत्या. गल्लीत सगळे तिला आत्याच म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. ती आणि तिचा मोठा भाऊ, दोघंच घरात. भाऊ बसवर कंडक्टर. त्याला सगळे दादा म्हणतात.

वर्षातून एकदा आमच्या गल्लीतली अकरा घरं तळ्याकाठच्या बागेत जेवायला जातात. ज्याने त्याने घरून करून आणायचं, मधोमध मांडायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. त्या दिवशी सकाळी मला भरायचा मान आत्याचा. तिचा कायदा एकच: शेवटी लागणारं आधी, आधी लागणारं शेवटी. म्हणून बुडाशी हात पुसायची फडकी, त्यावर ताटल्या, मग उकडलेले बटाटे, मग काकड्या. उकडलेली अंडी दादांच्या धुतलेल्या लोकरी मोज्यांत. आणि सगळ्यांत वर चादर, कारण पोचल्यावर पहिली तीच लागते.

दादा दाराला टेकून उभे राहायचे आणि बटाट्यांना सांगायचे, "पुढे सरका, पुढे सरका. आत जागा रिकामी आहे." झाकण बसलं की त्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे. बस सुटायची ती खूण. मित्रांनो, त्या दोन टकटकींसाठी मी वर्षभर वाट बघायचे.

आत्या दर वर्षी एकच गोष्ट विसरायची. मीठ. जेवायला बसलं की कोणीतरी म्हणायचं, "मीठ?" आणि ती कपाळाला हात लावायची. दादा म्हणायचे, "एक वेळ मला विसरेल, पण मीठ विसरायला विसरणार नाही."

मग दादांना हृदयाचं दुखणं जडलं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मीठ बंद. बाहेरचं बंद. आठ महिने दादा पलंगावरून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत, एवढाच त्यांचा मार्ग. मी माळ्यावर गेले. माझ्यात चिंध्या कोंबल्या, त्या चिंध्यांत मांजरीने पिल्लं घातली. वेताला वारा लागतो, तेलाचा हात लागतो. दोन्ही नाही. माझी एक मूठ तडकली. तक्रार नाही करत, घरात माणूसच आजारी होतं. पण झालं ते झालं.

यंदा गल्लीचा दिवस जवळ आला तसे दादा म्हणाले, "मी येत नाही. तुम्ही सगळे एकमेकांचं चाखणार आणि मी कोपऱ्यात पथ्याचा डबा उघडून बसू? त्यापेक्षा घरी बरा."

आत्या माळ्यावर चढली. तिने मला खाली काढलं, तेल चोळलं, तडकलेल्या मुठीला कापडी पट्टी गुंडाळली. मग शिवलेले कपडे पोचवायचं निमित्त करून सगळ्या घरांतून फिरून आली. काय बोलली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, गल्लीतला बेकरीवाला दारात कुरकुरत आला तेव्हा. दादा आत आंघोळीला गेले होते.

"आत्या, बिनमिठाचा पाव म्हणजे कापूस होतो."

"मग कापूस भाज."

"लोक हसतील मला."

"हसू देत. हसायला मीठ लागत नाही."

जायच्या दिवशी सकाळी दादांना ती एवढंच म्हणाली, "वेगळा डबा केलेला नाही. सगळ्यांचं ते तुझं. कसं ते विचारू नकोस. चप्पल घाल."

दादा दाराला टेकले. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, पण म्हणाले, "पुढे सरका." आणि झाकणावर दोनदा टकटक. वर्षभरानंतर.

आणि साहेब, मग तुमचं फाटक आलं. नवी पाटी. आतल्या बाजूला नवे स्टॉल, तेलाचा वास रस्त्यापर्यंत. पहारेकरी आडवा आला.

"आत्याबाई, हे नेता येणार नाही. पाटी वाचा."

"तूच वाच, मोठ्याने."

"बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास मनाई आहे."

"बरोबर आहे. डॉक्टरांनीही हेच सांगितलंय, बाहेरचं बंद. आम्ही घरचं आणलंय."

पहारेकऱ्याने टोपी वर करून डोकं खाजवलं. "अहो, घरचं म्हणजे बाहेरचंच की."

"घरचं बाहेरचं कसं असेल रे? आत तळताहेत ते बाहेरचं. ते बाहेर काढ आणि हे आत घे, पाटी लगेच खरी होते."

त्या बिचाऱ्याने तुम्हाला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. तो म्हणाला, "साहेब, आजारी माणूस आहे, पथ्य आहे." तुम्ही म्हणालात, "करंडी बाहेर ठेवा, माणसं आत घ्या." आणि फोन ठेवलात.

त्याने मला आपल्या स्टुलाशेजारी ठेवलं. मी दादांकडे बघत होते. ते हळूच म्हणाले, "तुम्ही जा सगळे आत. मी घरी जातो."

आत्याने माझं झाकण उघडलं. चादर सगळ्यांत वर होती. फाटकाबाहेर, भिंतीलगतच्या गवताच्या पट्टीवर तिने ती अंथरली आणि म्हणाली, "दादा, बस."

मग एकेक घर आपापला डबा घेऊन मागे फिरलं. अकराही घरं बाहेरच बसली. तळं दिसत नव्हतं, तुमची पाटी दिसत होती. डबे उघडले, ताटल्या फिरल्या.

दादांनी माझ्यातला बटाटा खाल्ला आणि हसले. "यंदाही मीठ विसरलीस ना?"

"विसरले," आत्या म्हणाली.

मग त्यांनी शेजारच्या घरची भाजी चाखली. मग तिसऱ्या घरचा भात. मग पाव. पाव चावता चावता ते थांबले. त्यांनी एकेका डब्यावरून नजर फिरवली.

"अख्खी गल्लीच विसरली वाटतं," ते म्हणाले.

"कापूस झालाय," बेकरीवाला म्हणाला. "पण खा."

पहारेकऱ्याची जेवायची वेळ झाली. तो डबा घेऊन स्टुलावर बसला तेव्हा आत्याने विचारलं, "कुठला रे?"

"घरचा."

"मग आत कसा नेतोस रोज?"

त्याने पाटीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि डबा घेऊन चादरीवर येऊन बसला.

मित्रांनो, तुमच्याकडे मागणं लहान आहे. घरातल्या जुन्या वस्तूला अधूनमधून हवा दाखवा, तेलाचं बोट लावा. झाकण बसत नसेल तर फेकण्याआधी एकदा फिरवून बघा.

साहेब, तुम्हाला तेल लावायला मात्र मी आलेली नाही. पुढच्या वर्षी दादा पुन्हा दोनदा टकटक करतील आणि मी तुमच्या फाटकाशी येईन. तेव्हा फोनवरून नको, स्वतः या. मला उघडा, आत बघा आणि माझ्या तोंडावर सांगा: अकरा घरांनी एका माणसासाठी ज्यात मीठ घातलं नाही, तो घास घरचा की बाहेरचा?