भिंतीकडे फिरवलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना कडीचा डबा आहे. स्टीलचा. झाकणावर एक पोचा आहे आणि कडी एका बाजूने कुरकुरते, पण तळ अजून ठणठणीत आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हाताऱ्या भांड्याची कुणी विचारपूस करत नाही, म्हणून आपलं आपणच सांगावं लागतं.

माझ्या पोटावर एक नाव कोरलेलं आहे, "सौ. द्वारका बाळा, काशीगाव." भांडीवाल्याच्या दुकानात मशीनने टर्र-टर्र करून ते नाव घातलं, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या होत्या. समोर नवी नवरी उभी होती आणि तिचा नवरा बाळाशेठ दुकानदाराला बजावत होता, "आक्षर मोटं काड, लांबून वाचता आलं पायजे." ती नवरी म्हणजे आमच्या द्वारकाबाई.

पुढची कितीतरी वर्षं मी भाकऱ्या वाहिल्या. घरची भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. दुपारी द्वारकाबाई मला कडीला धरून निघायच्या आणि बाळाशेठ लांबूनच ओळखायचा की डबा आला. मिठाच्या वाऱ्याने इतर भांडी काळवंडली, पण मी नाही. द्वारकाबाई राखेने घासून मला असं लखलखीत ठेवायच्या, की शेजारणी म्हणायच्या, "डबा हाय का आरसा हाय गो?" खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

मग शेतं गेली, मिठागर बंद झालं, त्या जागी इमारती आल्या. घरात पैसा आला आणि भाकरी न्यायला कुठे जायचंच उरलं नाही. बाळाशेठही गेला. त्या दिवशी घर भरून बायका रडत होत्या आणि द्वारकाबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना पाणी देत होत्या. लोक कुजबुजले. रात्री त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि "सौ." या अक्षरावरून अंगठा फिरवत बसल्या. हे फक्त मला ठाऊक आहे.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना वाचनाची गोडी लागली. नववीत सुटलेलं पुस्तक साठीत पुन्हा हातात आलं! सून कृतिका हौशी होती. तिनेच सासूबाईंना मोबाइलवरच्या वाचक-मंडळात घातलं. मंडळ चालवायची सुचेताताई. ती मीरा रोडला पूनम सागर सोसायटीत राहते, ऑफिसला जाते आणि बोलायला फार गोड आहे. दर शनिवारी संध्याकाळी सगळे मोबाइलवर एकमेकांना भेटायचे आणि पुस्तकाच्या नावाखाली जगभरच्या गप्पा मारायचे.

एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं, सुचेताताईच्याच घरी. द्वारकाबाईंनी मला गच्च वडे भरून नेलं. तांदळाचे, खमंग. असा फडशा पडला की काही विचारू नका! निघताना सुचेताताई म्हणाली, "द्वारकाताई, डबा राहू द्या. रिकामा कसा देऊ तुम्हाला? काहीतरी करून पाठवते."

"ऱ्हाऊ दे गो. सावकाश दे," द्वारकाबाई म्हणाल्या.

रिकामा डबा परत करू नये, ही आपली रीत. तिच्यापायी मी पूनम सागरमध्ये राहिलो.

तिथे मला नवीनच काम लागलं. मोबाइल उभा ठेवायचं स्टँड मोडलं होतं, म्हणून दर शनिवारी सुचेताताई मोबाइल माझ्या पोटाला टेकवून ठेवू लागली. मोबाइलचा पडदा मला दिसायचा नाही, पण तिच्या चष्म्याच्या काचांत एकेका चेहऱ्याचे छोटे छोटे चौकोन दिसायचे, आणि आवाज तर सगळेच ऐकू यायचे. काय ती मजा, मित्रांनो! गुणवंतराव नावाचे निवृत्त गृहस्थ पुस्तकापेक्षा गुडघ्यांबद्दल जास्त बोलायचे. पिंकी कुकरच्या शिट्ट्यांमधूनच मतं मांडायची. कुणाच्या तरी मागे पोपट ओरडायचा.

आणि मग सुचेताताई विचारायची, "चला, कोण कोण आलंय?"

"मी हाय," द्वारकाबाई सांगायच्या.

पहिल्या वेळी गुणवंतरावांना वाटलं, बाई इंग्रजीतून नमस्कार करतायत. त्यांनी जोरात हात हलवला, "हाय, हाय, द्वारकाताई! हॅलो!" बाकीच्यांनीही हात हलवले. द्वारकाबाईंना काही उमगेना. उमगलं तेव्हा त्या स्वतःच पोट धरून हसल्या. पुढे ती मंडळाची गंमतच झाली. जो येईल तो म्हणायचा, "मी हाय!" पिंकीने विचारावं, "आज भाजी काय?" द्वारकाबाईंनी सांगावं, "भाजी न्हाय, सुकट हाय," आणि गुणवंतरावांनी सुकटीला "हॅलो" करावं. सगळं प्रेमाचंच होतं. निदान मला तसं वाटायचं.

एका शनिवारी एका कथेवर बोलणं चाललं होतं. कथेतली बाई नवऱ्याच्या मृत्यूनंतर रडत नाही. गुणवंतराव म्हणाले, "दगड आहे ती. मला नाही पटली." आणि आजवर फक्त गप्पांत भाग घेणाऱ्या द्वारकाबाई पहिल्यांदा पुस्तकावर बोलल्या. अडखळत म्हणाल्या, "रडू आलं न्हाय म्हंजे दुख न्हाय, असं न्हाय."

माझ्या अंगावर काटा आला. डब्याला काटा येत नाही म्हणाल, पण मला आला. सुचेताताई म्हणाली, "वा, द्वारकाताई. पुढच्या महिन्याचं पुस्तक तुम्ही निवडा आणि त्यावर तुम्हीच बोला." त्या लाजून हो म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी द्वारकाबाई आल्या आणि थोड्याच वेळात दिसेनाशा झाल्या. "चार्जिंग संपलं वाटतं," पिंकी म्हणाली. गप्पा रंगात आल्या होत्या. कुणीतरी मागच्या शनिवारची आठवण काढली आणि सुचेताताईला लहर आली. नकला ती फार छान करते. तिने पदर नसलेल्या खांद्यावर पदर सावरल्यासारखं केलं, आवाज जाड केला आणि म्हणाली, "रडू आलं न्हाय, म्हंजे दुख न्हाय, असं न्हाय, न्हाय, न्हाय, न्हाय!"

हशा पिकला. "एकदम सेम टू सेम!" पिंकी ओरडली. "वन्स मोअर!" गुणवंतराव म्हणाले. आणि सुचेताताईने पुन्हा केली. आधीपेक्षा जास्त रंगवून.

तेवढ्यात आवाज आला.

"मी हाय."

सुचेताताईच्या चष्म्यात एक काळा चौकोन होता. त्यावर नाव होतं कृतिकाचं. द्वारकाबाई सुनेच्या मोबाइलवरून परत आल्या होत्या आणि कुणाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. चौकोन थोडा वेळ तसाच राहिला, मग नाहीसा झाला.

सुचेताताईचा चेहरा मी इतक्या जवळून पाहिला, मित्रांनो, की तो मला अजून विसरता येत नाही. कानापर्यंत लाल झाली होती. गुणवंतराव खाकरले. "नेट गेलं वाटतं त्यांचं," म्हणाले. सगळ्यांनी घाईघाईने हो हो केलं आणि कुकर, गुडघे, पोपट असं करत बैठक मोडली.

दुसऱ्या दिवसापासून मंडळात फुलांची चित्रं फार येऊ लागली. सगळे एकमेकांशी जरुरीपेक्षा जास्त गोड वागत होते. पण "हाय" हा शब्द एकाएकी कुणी वापरेना. सगळे "नमस्कार" म्हणू लागले. त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. द्वारकाबाई शनिवारी आल्या नाहीत, पुढच्या शनिवारीही नाहीत. पुस्तकही निवडलं नाही.

सुचेताताई मोबाइल हातात घ्यायची, लिहायची, पुसायची. "सॉरी ताई, मस्करीत झालं," असं लिहिलं आणि स्वतःच मोठ्याने वाचून "शी!" म्हणाली. फोन लावायला घ्यायची आणि "आत्ता त्यांची जेवायची वेळ असेल" म्हणून ठेवून द्यायची. माझ्याकडे नजर गेली की ती लगेच दुसरीकडे बघायची. एके दिवशी तिने मला उचललं आणि फळीवर असं ठेवलं की माझं नाव भिंतीकडे जाईल.

आजवर कुणी मला आपटलं, चेपलं, कधी न घासता ठेवलं, ते सगळं मी सोसलं. पण नाव भिंतीकडे? ते फार लागलं हो.

"तो डबा देऊन टाक ना एकदाचा," तिचा नवरा स्वप्नील म्हणायचा.

"रिकामा कसा देऊ? नारळाच्या वड्या करून देणार आहे."

वड्या एकदा चिकट झाल्या, एकदा करपल्या, नंतर नारळच आणला गेला नाही. रीत चांगलीच आहे आपली, पण माणसाला तिच्याआड दडून बसताही येतं, हे मी त्या फळीवर शिकलो. पुढे मला माळ्यावर टाकलं, गणपतीच्या मखराशेजारी. धूळ बसली. कोळ्याने कडीला जाळं केलं.

एका रविवारी सकाळी खाली सुचेताताईचा आवाज ऐकू आला. "स्वप्नील, कृतिकाचा मेसेज आलाय. म्हणते, आईंचं नाव ग्रुपमधून काढून टाका. त्या म्हणतात, मला जमायचं नाही."

"मग काढ. विषय संपला," स्वप्नील म्हणाला. "तुलाही सुटल्यासारखं होईल."

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "नावावर बोट ठेवलंय रे. दाबवत नाहीये. सुटल्यासारखं होईल म्हणूनच दाबवत नाहीये."

आणि शिडी ओढल्याचा आवाज आला.

तिने मला खाली घेतलं, घासलं, नाव तर बोटाने दोनदा घासलं. मग वड्यांचं सामान शोधायला लागली. नारळ नव्हता. खाली दुकानात जायला पिशवी घेतली, दारापर्यंत गेली आणि थांबली. पिशवी ठेवली, मला रिकामाच उचलला आणि रिक्षाला हात केला. "काशीगाव चलोगे भैया?"

द्वारकाबाई ओट्यावर बसल्या होत्या. सुचेताताईला बघून उठल्या नाहीत. मला मात्र ओळखलं. हातात घेतलं, झाकण उघडलं, आत पाहिलं.

"रिकामा आनलास?"

"भरायचा म्हणून अडीच महिने घालवले, ताई. आज भरायला थांबले असते तर पुन्हा आलेच नसते." सुचेताताई उभीच होती. "माझं चुकलं. सगळेच हसत होते आणि त्या भरात मी…"

"सगळ्यांचं सोड. तू का केलंस?"

सुचेताताई म्हणाली, "तुमची भाषा मला गमतीची वाटायची. तुम्ही काय म्हणताय ते ऐकलंच नाही मी. नुसते न्हाय मोजत बसले."

द्वारकाबाई माझ्या "सौ."वरून अंगठा फिरवत होत्या. "त्या येली मी पुस्तक निवडलं व्हतं," म्हणाल्या. "तेच सांगायला सुनेच्या फोनवरनं परत आलती. काय बोलायचं ते भिताडाला बोलून बघितलं व्हतं." मग म्हणाल्या, "इसरायचं म्हनतीस तर मना जमायचं न्हाय."

"विसरा म्हणत नाही. पण तुमचं नाव मी काढणार नाही. काढायचंच असेल तर तुम्ही काढा."

"जा आता. उशीर व्हईल," द्वारकाबाई म्हणाल्या. चहा विचारला नाही. सुचेताताई मान खाली घालून गेली. ती गेल्यावर द्वारकाबाईंनी मला आत नेलं आणि माझ्यात दोन मुठी तांदूळ टाकले. डबा रिकामा ठेवायचा नसतो ना.

शनिवार आला. संध्याकाळी द्वारकाबाईंनी कृतिकाचा मोबाइल मागितला आणि माझ्या पोटाला टेकवला. कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद करून बसल्या. पलीकडून सुचेताताईचा आवाज आला.

"सुरू करण्याआधी एक बोलायचंय. द्वारकाताई आज नाहीत. म्हणजे त्यांच्या पाठीमागे बोलतेय, पण मी वाईट वागले तेही पाठीमागेच. मी त्यांची नक्कल केली. त्यांनी ऐकली नसती तरी ती वाईटच होती. नेट गेलं नव्हतं, गुणवंतराव. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे."

मग गुणवंतराव हळू म्हणाले, "वन्स मोअर मी म्हणालो होतो." पिंकीच्या कुकरची शिट्टीही त्या दिवशी झाली नाही.

कृतिकाच्या नावाचा काळा चौकोन सुचेताताईला दिसत होता की नाही, मला अजून ठाऊक नाही. ती नेहमीसारखं म्हणाली, फक्त आवाज नेहमीचा नव्हता, "चला. कोण कोण आलंय?"

एकेक जण बोलला. शेवटी कुणी उरलं नाही. द्वारकाबाईंचं बोट मोबाइलपाशी आलं, मागे गेलं, पुन्हा आलं. आवाज सुरू केला.

"मी हाय," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. कुणी हातही हलवला नाही. द्वारकाबाईंच्या चष्म्यात मला सुचेताताईचा चौकोन दिसत होता. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

"बोला, द्वारकाताई," गुणवंतराव म्हणाले. "कुठलं पुस्तक निवडलंत?"

आणि द्वारकाबाई बोलू लागल्या. बोलण्यात हाय होते, न्हाय होते, आणि त्या दिवशी ते कुणी मोजले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी डबा राहिला असेल. भरून द्यायला जमलं तर भरून द्या, नाही जमलं तर रिकामा घेऊन जा, पण जा. तोवर एवढंच करा, त्याचं नाव भिंतीकडे फिरवू नका.