दोघंच

उज्वला एरवी जे मागायची ते दुकानात मिळायचं, आणि रविराज ते आणून द्यायचा. या वेळी तिने जे मागितलं ते कुठल्या दुकानात मिळतं हे त्याला माहीत नव्हतं. कपड्यांच्या घड्या घालता घालता, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "पंचविसावा वाढदिवस आहे लग्नाचा. या वेळी दोघंच जाऊ जेवायला. हॉटेल तुम्ही ठरवा. मला विचारू नका."

रविराज "बरं" म्हणाला. पंचवीस वर्षांच्या सवयीने तो आधी बरं म्हणायचा आणि मग घाबरायचा.

दोघंच हा शब्द त्या घराला नवा होता. लग्न झाल्यावर दोघं महाबळेश्वरला गेले तेव्हा बरोबर चंद्रभागा आत्या होती, कारण आत्याने महाबळेश्वर पाहिलं नव्हतं. योगिनी झाल्यावर पहिल्यांदा हॉटेलात गेले तेव्हा एका जीपमधून चौदा जण उतरले होते आणि वेटरने विचारलं होतं, वरात कुठली. उज्वलाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ती शाळेत गणित शिकवायची आणि उत्तर कळेपर्यंत थांबायची तिला सवय होती.

रविराज जमीन मोजणीच्या खात्यात होता. सकाळी एखाद्या शिवारात दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असत. हा मधोमध जाऊन शांतपणे सांगे, इथपर्यंत तुझं, इथून पुढे त्याचं. भाऊ ऐकत. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्याची हद्द कुठे सुरू होते हे त्याला कोणी कधी दाखवलं नव्हतं, आणि त्यानेही मोजणीचा अर्ज दिला नव्हता.

आता हॉटेल ठरवायचं म्हणजे काय करायचं? त्याने जे केलं ते आपल्याकडचा कुठलाही सुशिक्षित माणूस करतो. त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर विचारलं. "लग्नाच्या २५ व्या वाढदिवसासाठी नाशकातलं एखादं चांगलं हॉटेल सुचवा."

त्याला फक्त माहिती हवी होती. पण या कुटुंबात लग्नाचा हॉल कुठला बघू असं विचारलं, की लोक इस्त्रीला कपडे देतात. अकरा मिनिटांत उत्तरं आली.

पिंपळगाव बसवंतहून चुलतभाऊ दीपकने लिहिलं, "भाऊ, मटण पाहिजे. पनीर खायला नाशिकपर्यंत कोण येतं." द्राक्षांचा हंगाम संपल्यामुळे दीपक आणि त्याचा टेम्पो दोघंही रिकामे होते. त्याने लगेच पुढचं लिहिलं, "टेम्पोच आणतो. सगळ्यांना वाटेत घेतो. पार्किंग तेवढं बघून ठेव."

घोटीहून आत्याने लिहिलं, "जिना नको. गुडघे."

आणि कळवणहून सावळीरामकाकांचा आवाज आला. काका टाइप करत नसत, बोलत. "रवी, हाटेल कुठलं का असंना. पर जिथं मटन शिजतं तिथलं पाणी बी मी पीत नाय, हे तुला ठावं हाय. बाकी तुमच्या मनानं. बुधवारी हाय ना? मी मंगळवारीच मुक्कामाला येतो."

रात्रीपर्यंत एकोणीस माणसं झाली. सर्वांत शेवटी उज्वलाने ग्रुपवर एक अंगठा टाकला.

तो अंगठा रविराजने बराच वेळ पाहिला. पिवळाच होता, नेहमीसारखा. पण उज्वला ग्रुपवर कधीच काही टाकत नसे. ती शेजारच्या खोलीत वह्या लावत बसली होती. अंगठ्याचा अर्थ तिथे जाऊन विचारता आला असता. त्याऐवजी तो फोनवर अंगठा मोठा करून बघत राहिला.

पुढचे दोन दिवस तो एकोणीस जणांसाठी हॉटेल शोधत होता, आणि आपण हे का करतोय याचा विचार टाळत होता. गंगापूर रोडला हिरवळ असलेलं एक सापडलं. जिना नव्हता, टेम्पो मावत होता, पण शाकाहारी आणि मांसाहारी दोन्हींना एकच तंदूर. मॅनेजर म्हणाला, "साहेब, चिमटे वेगळे आहेत." काकांना चिमट्यावर समजावणं शक्य नव्हतं. इंदिरानगरला शुद्ध शाकाहारी मिळालं. तिथे दीपकने जेवणाआधीच टेम्पो परत फिरवला असता.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून योगिनीचा फोन आला. "पप्पा, आईनं दोघंच म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग एकोणीस कुठून आले?"

"मी नुसतं विचारलं होतं."

"मग आता नुसतं सांगा. काकाआजोबांना फोन करा, म्हणा आम्ही दोघंच जातोय."

"तसं म्हणता येत नाही गं."

"का? शब्द सापडत नाहीत का?"

योगिनी नोकरीला लागल्यापासून असं बोलायची. तिला कसं सांगणार? रविराज नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले, आणि तो कळवणला काकांच्या घरी वाढला. तिथे पंगत बसली की काका ओसरीत उभे राहायचे आणि मोठ्याने विचारायचे, कोणी राहिलं का? गोठ्यातल्या गड्यापर्यंत सगळे बसल्याशिवाय कोणाचा हात पानाला लागायचा नाही. पहिल्या दिवशी रविराज दाराआड उभा होता. कोणी राहिलं का म्हणत काका दाराआड आले आणि त्याला दंडाला धरून स्वतःशेजारी बसवलं. त्या माणसाला आता फोन करून कसं सांगायचं, की काका, तुम्ही राहिलात, आणि आम्ही तुम्हाला मुद्दाम मागे ठेवलंय?

"बघतो," तो म्हणाला.

"बघू नका. सांगा," म्हणून योगिनीने फोन ठेवला.

त्याने सांगितलं. पण वेगळंच. ग्रुपवर लिहिलं, "बुधवारी अचानक सिन्नरला मोजणी निघाली आहे. कार्यक्रम रविवारी दुपारी घेऊ." कोणाला काही वाटलं नाही. आत्याने हात जोडले, दीपकने टेम्पोचं चित्र टाकलं. उज्वलाने या वेळी अंगठासुद्धा टाकला नाही.

उज्वलाला त्याने स्वयंपाकघरात जाऊन हळूच सांगितलं, "बुधवारी आपण जातोय. दोघंच."

"मोजणी?"

"नाहीये."

कुकरची शिट्टी झाली आणि तिने गॅस बारीक केला.

सुटलो असं त्याला वाटलं, ते जेमतेम तासभर. मग नवीन धडकी भरली. नाशिकचं हे असं आहे की आपण हॉटेलात शिरावं तर गल्ल्यावर मेहुण्याचा साडू असतो. बुधवारी कोणी बघितलं, आणि सिन्नरला मोजणीवर असलेला माणूस कॉलेज रोडला बायकोबरोबर सूप पिताना सापडला, तर रविवारी जेवण होणार नाही, पंचनामा होईल. म्हणजे आता हॉटेल असं हवं होतं, जिथे नातेवाईक येऊच शकणार नाहीत. हा प्रश्न मात्र त्याच्या हातचा होता. त्याने कागद घेतला आणि एकेक क्षेत्र वगळायला सुरुवात केली. आत्या येऊ नये म्हणून जिना हवा, लिफ्ट नको. काकांसाठी असा वास हवा की ते रस्त्यावरूनच माघारी फिरतील. दीपकसाठी गल्ली अशी हवी, की टेम्पो सोडा, स्कूटरसुद्धा अंग चोरून जाईल.

एवढं वजा केल्यावर अख्ख्या नाशकात एकच ठिकाण उरलं. रविवार कारंज्याच्या मागच्या एका बोळात, तिसऱ्या मजल्यावर, मासे मिळणारं. तो स्वतः जाऊन जिने चढून आला. चौऱ्याहत्तर पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, भिंतीला हात लावला आणि त्याला आत्याची आठवण येऊन बरं वाटलं. टेबल सांगून तो खाली उतरला. पदार्थांचं कार्ड बघायचं राहिलं होतं, हे घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं. आणि त्याहून मोठं एक राहिलं होतं.

"तुला मासे चालतात ना?" त्याने मंगळवारी विचारलं. पंचवीस वर्षांनी हा प्रश्न विचारताना त्याने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला होता.

उज्वला दारात थांबली. "तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"मला आवडतात ते. आम्ही दारणा धरणाच्या वसाहतीत राहायचो तेव्हा बाबा दर शनिवारी रोहू आणायचे. इथं कोणी खात नाही म्हणून मी कधी विषयच काढला नाही." तिचा चेहरा एकदम वेगळा झाला होता. असा चेहरा त्याने शेवटचा कधी पाहिला होता, ते त्याला आठवेना. "कोणी सांगितलं? योगिनीनं?"

"अंदाज," रविराज म्हणाला. त्या रात्री त्याला छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. त्याने ओवा खाल्ला. उपयोग झाला नाही.

बुधवारी साडेसातला दोघं जिना चढले. उज्वलाने मोरपंखी साडी नेसली होती. वर पोचल्यावर दोघांनाही धाप लागली होती, आणि वेटर हे रोजचंच असल्यासारखा पाणी घेऊन उभा होता. रविराजने दाराकडे तोंड असलेली खुर्ची घेतली. पायऱ्यांवर पाऊल वाजलं की तो मान ताठ करी. एकदा एक टक्कल वर आलं तेव्हा तो कार्डामागे गेला. ते टक्कल अनोळखी निघालं.

"कोण येणार आहे?" उज्वलाने विचारलं.

"कोणी नाही."

"मग दाराकडे काय बघताय?"

"कोणी येणार नाही. येऊच शकत नाही," तो म्हणाला, आणि भीती, धाप आणि थोडासा अभिमान यांच्या भरात त्याने सगळा हिशेब सांगून टाकला. चौऱ्याहत्तर पायऱ्या कशासाठी, बोळ कशासाठी, वास कशासाठी. आपल्याला किती डोकं चालवावं लागलं, हेही सांगितलं.

उज्वलाने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे जिना आत्यांसाठी, मासे काकांसाठी आणि बोळ दीपकभाऊंसाठी."

"हो."

"माझ्यासाठी काय बघितलंत?"

रविराजने पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता, तरी त्याने तो तोंडाला लावला.

"मला वाटलं तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "कालपासून मी वसाहतीतल्या सगळ्या गोष्टी आठवून ठेवल्या, तुम्हाला सांगायला. आणि इथं आपण काय, चोरून आलोय. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बायकोला कोणी असं लपवून जेवायला आणतं का? दुसरी असती तर समजलं असतं."

तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. सावळीरामकाका. आज वाढदिवसाची तारीख होती, आणि काका तारीख विसरत नसत. रविराजला वाटलं, वाजू द्यावा. सिन्नरच्या शिवारात रेंज नसतेच. उज्वला कार्ड उघडून वाचत होती. पान उलटत नव्हती.

त्याने फोन घेतला.

"रवी, सुखी राहा रं बाबा. दोघं बी सुखी राहा," काका म्हणाले. "मोजणी आटपली का? जेवलास का?"

"मोजणी नव्हती काका."

"आं?"

"मी नाशकातच आहे. हॉटेलात. जेवायला आलोय, उज्वला आणि मी." त्याने रिकामा पेला बाजूला सरकवला. "दोघंच."

पलीकडे कळवणच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. कोणीतरी तो बंद केला.

"दोघंच?" काका म्हणाले. "उज्वला म्हणली का तसं?"

तिचं नाव सांगून मोकळं व्हायची याहून सोपी संधी त्याला आयुष्यात मिळाली नसती. आजवर तो असाच मोकळा होत आला होता. उज्वलाचे डोळे कार्डावरच होते, पण हात थांबला होता.

"नाही. मला यायचं होतं," रविराज म्हणाला. "तिच्याबरोबर. दुसरं कोणी नको होतं."

वेटर येऊन परत गेला.

"मग खोटं कशाला सांगितलंस? दोघं जातो म्हणला असता, तर आम्ही काय आडवं पडलो असतो?"

"पडला असता काका."

काकांनी विचार केला. "पडलोच असतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आत्याला मी सांगणार नाय. तुझं तू सांग." आणि फोन ठेवला. रागावले की दुखावले, की नुसता फोन ठेवला, हे आवाजावरून कळायला मार्ग नव्हता. रविवारी ते येतील की नाही, हेही नाही.

रविराजने ग्रुप उघडला आणि उभ्या आयुष्यात इतकं सरळ कधी लिहिलं नव्हतं तसं लिहिलं. बुधवारची मोजणी खोटी होती, आम्ही दोघं जेवायला आलो आहोत, रविवारी सगळ्यांनी यावं. पाठवलं. मग फोन टेबलावर पालथा घातला. तो लगेच थरथरू लागला, आणि थांबेचना.

"इकडे या," उज्वला म्हणाली.

"कुठे?"

"या खुर्चीवर. दाराकडे पाठ करून."

तो उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. पाठीमागे जिना असल्याची जाणीव त्याला मानेपर्यंत होत होती. तिने वेटरला बोलावलं, रोहू ताजा आहे का विचारलं, कुठल्या धरणाचा विचारलं, आणि तो नीट सांगेना तेव्हा स्वतः आत जाऊन बघून आली. येताना तिचा चेहरा कालच्यासारखा झाला होता. पूर्ण नाही, निम्मा.

ताट आलं. रविराजने आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. त्याने तुकडा उचलला, फोन पुन्हा थरथरला, त्याची नजर तिकडे गेली.

"रोहूला काटे फार असतात," उज्वला म्हणाली. "तिकडे बघत खाल तर घशात अडकतील. बोटानं चाचपून घ्यायचं. असं."

तिने त्याच्या ताटातला तुकडा उकलून एक बारीक, वाकडा काटा काढून कडेला ठेवला. त्याने दुसरा स्वतः शोधला. तिसरा त्याला सापडत नव्हता. तो मान खाली घालून शोधत राहिला आणि ती शनिवारची गोष्ट सांगू लागली.