जागा धरून बसलेली खुर्ची

बसा, पण माझ्यावर नको. मागचा डावा पाय अधू आहे. मी खुर्ची बोलतेय. प्लास्टिकची, लाल रंगाची, आणि आमच्या गल्लीत सगळ्यात मोठ्या हुद्द्यावर राहिलेली. हसू नका. मी एकदा मोटारसुद्धा झाले होते. पण ते सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय तुमचा विश्वास बसायचा नाही.

माझा जन्म सांगलीजवळच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघाले तेव्हा अंग गरम होतं आणि माझ्यासारख्याच बहिणी ढिगानं उभ्या होत्या. आम्हाला एकीत एक बसवून कृष्णात मंडपवाल्यानं टेम्पोत भरलं आणि साताऱ्याकडच्या या लहानशा शहरात आणलं. मग काय विचारता. बारशी, साखरपुडे, लग्नं, वास्तुशांती, पुढाऱ्यांची भाषणं. माणसं भाषणाला मागच्या रांगेपासून बसतात आणि जेवणाला पुढच्या रांगेपासून उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मेढ्याच्या एका लग्नात नवरीचे मामा माझ्यावर बसले. मामा तालमीतले होते. अक्षता पडायच्या आधी मामा पडले आणि माझा पाय गेला. दोष मामांचा, भंगारात जायची पाळी माझी. माणसांत असंच असतं.

कृष्णात मला गोडाऊनबाहेर टाकत होता, तेवढ्यात समोरच्या घरातून बनुबाई आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, थोडा ऊस, एकुलता एक मुलगा धैर्यशील सैन्यात.

"टाकतुयास कशाला? मला दे. भाजी निवडाय हुईल."

"काकी, पाय मोडलाय तिचा."

"माजा तरी कुठं धड हाय?"

त्यांनी माझा पाय सुतळीनं आवळला आणि मला सोप्यात ठेवलं. त्या दिवसापासून मी घरची झाले. मेथी, घेवडा, शेजारणींच्या सुनांच्या तक्रारी, सगळं माझ्यासमोर निवडलं जायचं.

एका उन्हाळ्यात धैर्यशीलनं गाडी घेतली आणि ती घेऊन सुट्टीवर आला. बनुबाईंनी गाडीला ओवाळलं, पोराला ओवाळलं, आणि चुकून मलाही थोडं कुंकू लागलं. पण गाडी लावायची कुठं? दारासमोर शेजारच्या लालासाहेबांची दुसरी गाडी उभी. त्यांच्या गाड्या दोन आणि फाटक एक. म्हणून धैर्यशीलची गाडी अर्ध्या रस्त्यात राहायची, आणि लालासाहेब पहिली गाडी बाहेर काढताना हॉर्न वाजवायचे. पोरगं भलं. उठायचं, गाडी पुढं घ्यायचं, परत यायचं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बनुबाईंनी सकाळपासून मटणाचा रस्सा रटरटत ठेवला होता. पोरानं भाकरी कुस्करली आणि हॉर्न वाजला. परत बसला, परत वाजला. तिसऱ्यांदा तो गाडी पार कॅनॉलपाशी लावून आला, तोवर रश्शावर तूप थिजल्यागत थर आला होता. तो "लय भारी झालंय, आई" म्हणत जेवला. बनुबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. भाजीची टोपली घेऊन मी चुलीपाशीच होते; त्यांचा चेहरा मला दिसत होता, त्याला नाही.

तो गेला. दुसऱ्या दिवशी लालासाहेबांची दुसरी गाडी कामाला बाहेर पडली, आणि बनुबाईंनी मला उचलून त्या जागेवर नेऊन ठेवलं. लालासाहेबांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या गल्लीत अशा वेळी बोलत नाहीत, खुर्ची ठेवतात.

आता माझा थाट ऐका. जी माणसं चौकातल्या पोलिसाला जुमानत नाहीत, ती माझ्यासमोर ब्रेक दाबायची. मोठमोठ्या गाड्या यायच्या, काच खाली व्हायची, माझ्याकडे बघून हळूच वर जायची. मला हलवायला एका बोटाचं काम, पण कुणी हलवलं नाही. खुद्द लालासाहेबांनी मिशा फुरफुरवत गाडी मागं घेतली. मी तर फुलून गेले. कुत्री माझ्याखाली झोपायची, कावळे पाठीवर बसून गल्लीची पाहणी करायचे, आणि मी वर्षभर एकाच माणसाची जागा राखत होते.

तेवढ्यात नगरपालिकेचा भोंगा फिरला. रहिवाशांना पार्किंगचा परवाना मिळणार, प्रत्येकाच्या दारात पांढरी चौकट आखणार, आणि रस्त्यावर ठेवलेले दगड, कुंड्या, डबे, खुर्च्या उचलून नेणार. शेवटचा शब्द ऐकून माझे धड असलेले तीन पायसुद्धा लटपटले.

बनुबाई अर्ज करायला निघाल्या. गुडघे दुखतात, रांग लांब, म्हणून मला काखोटीला मारून नेलं. रांग सरकली की उठायचं, मला पुढं ठेवायचं, बसायचं. अशी मी नगरपालिकेत पोचले. टेबलामागे मानसिंग साहेब होते, शांत, चष्मेवाले.

"मावशी, गाडी कुणाची?"

"माज्या पोराची."

"कुठं आहे?"

"पोरापाशी."

"आणि पोरगा?"

"ते सांगायचं नसतंय, सायेब. मिल्ट्रीत हाय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "कागद बरोबर आहेत तुमचे. पण सोमवारी मी पाहणीला येणार. चौकटीत गाडी उभी दिसली तर परवाना तुमचा. नाही दिसली, तर पुढच्या अर्जदाराचा."

पुढचे अर्जदार लालासाहेब. ते आमच्या मागेच उभे होते आणि छताच्या पंख्याकडे बघत होते.

"या सोमवारी," बनुबाई म्हणाल्या. "चा घ्या येऊन."

घरी आल्यावर मात्र त्यांनी मला घट्ट धरलं. "दिवाळीला यील पोरगं. सोमवारी कुठनं आणू गाडी?"

हे कृष्णातच्या कानावर गेलं आणि तो उड्या मारत आला. "काकी, आटपाडीला मी मांडवात अख्खा हत्ती उबा केलाय. मोटार म्हंजी काय?"

सोमवारी सकाळी त्यानं गोडाऊन रिकामं केलं. मधे उंच थप्प्या लावल्या ते टप, मागे बुटक्या थप्प्या ती डिकी, वरून धैर्यशीलचं माळ्यावर ठेवलेलं चंदेरी कव्हर. त्या थप्प्या कुणाच्या? माझ्या बहिणींच्या. इतक्या वर्षांनी भेट. आणि तोंडाला, सगळ्यांच्या पुढं, बॉनेट म्हणून मी. आनंदानं मला घेरी आली. मामांखाली मोडलेली खुर्ची, आणि आज मी मोटार. कव्हराखालून कुणी हॉर्न दे म्हणालं असतं तर तोही दिला असता.

मानसिंग साहेब आले. लालासाहेबांसकट सगळी गल्ली बघायला जमली. गाडीभोवती एक फेरी मारली.

"टायर?"

"कव्हरात हायेत," कृष्णात म्हणाला.

"नंबर?"

"त्यो बी आतच."

"कव्हर जरा वर घ्या."

"आदी चा घ्या," बनुबाई म्हणाल्या.

साहेबांनी कप घेतला, वही काढली, आणि लिहिण्यासाठी कोपर टेकला तो नेमका बॉनेटवर. मी जिवाच्या करारानं धरून ठेवलं हो. पण सुतळी ती सुतळी. माझा पाय सरकला, मोटारीनं पुढचं अंग टाकलं, आणि टपावरच्या बहिणी एकीमागोमाग एक रस्त्यावर घरंगळल्या. एक तर थेट लालासाहेबांच्या पायाशी जाऊन उभी राहिली. मग पहिलं हसू फुटलं ते मानसिंग साहेबांनाच. नंतर सगळी गल्ली पोट धरून हसली, आणि मीही आडवी पडून हसले.

बनुबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या.

"खोटं केलं, सायेब. गाडी न्हाई. पर माजं पोरगं वरसातनं एकदा यितंय. जायच्या दिवशी ताटावरनं तीनदा उठलं, ह्यांच्या हॉर्नानं. मला परवाना नको. त्यानं बसून जेवावं, एवढंच पायजेल."

हसू जिथल्या तिथं थांबलं. लालासाहेबांनी पायाशी आलेली खुर्ची उचलली आणि ती हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"मावशी, नियम माझ्या हातचा नाही," मानसिंग साहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांनी लिहिलं: पाहणीत मोटार आढळली नाही, खुर्च्या आढळल्या. परवाना लालासाहेबांना मिळाला. त्यांनी काचेवर चिकटवला, गाडी चौकटीत लावली. मी सोप्यात परत मेथीच्या कामाला लागले, आणि खरं सांगते, फार रडले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी दारात लालासाहेब उभे. दोन घरांत वर्षभर बोलणं नव्हतं.

"वैनी, कवा यितोय धैर्या?"

"दुपारच्याला," बनुबाई दारातूनच म्हणाल्या.

"गाडी मळ्यातल्या शेडात लावून आलोय. त्याची सुट्टी सरंस्तवर तितंच ऱ्हाईल." मग ते जरा घुटमळले. "जागा मोकळी दिसली की कोन बी घुसतंय. खुर्ची द्या की जरा."

बनुबाईंनी मला नुसतं पुढं केलं. लालासाहेबांनी माझी सुतळी सोडून पायाला तार आवळली आणि मला स्वतःच्या हातानं पांढऱ्या चौकटीत मधोमध ठेवलं. नियमाप्रमाणे मी उचलून नेण्याच्या लायकीची होते, पण त्या दिवशी माझ्याकडे परवानाधारकाची परवानगी होती.

धैर्यशील आला. गाडी लागली. आतून रश्शाचा वास सुटला. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी कुणा पाहुण्यानं हॉर्न वाजवला. आत ताट सरकल्याचा आवाज झाला. बनुबाईंचा आवाज आला, "बस खाली." आणि बाहेर लालासाहेब, गाडीच्या कडेला माझ्यावर बसलेले, हात हलवून सांगत होते, "पाहुनं, मागं घ्या. पोरगं जेवतंय."

ते चांगले वजनदार आहेत. तार कचकचली, पण मी मोडले नाही.

आता माझं वय झालंय. रंग उडालाय, पाठीला चीर गेलीय. कधीतरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर बसून मीही ऐटीत निघून जाईन. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. एखाद्या गल्लीत भर रस्त्यात मोडकी खुर्ची ठेवलेली दिसली, तर वैतागू नका आणि हॉर्न वाजवू नका. गाडी थोडी पुढं न्या. त्या घरी कुणीतरी यायचं असतं.