आईसकट घर

छोटू पन्नाशीला टेकला होता, तरी घरात सगळे त्याला छोटूच म्हणत, आणि ताईच्या मते त्यात काही चुकत नव्हतं. वय वाढलं, पोट वाढलं, गाडी मोठी झाली. माणूस होता तेवढाच राहिला. सख्खी बहीण दारात आली तर त्याने कधी पाण्याचा ग्लास पुढे केला नाही. आणि आता हाच गृहस्थ पाहुण्यांच्या स्वागताचा कोर्स करून आला होता, आणि टॉवेलची घडी उशीपासून किती लांब असावी यावर तोंडाला फेस येईपर्यंत बोलत होता.

घर आईचं होतं. समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीतलं, तळमजल्यावरचं, पुढे चार कुंड्यांचं अंगण. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आई बरं वाटेपर्यंत म्हणून ताईकडे गेली. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. गुडघा बरा झाला, पण जिने चढण्याउतरण्याइतका नाही. मधल्या काळात छोटूने "घर बंद राहिलं की खराब होतं" असं म्हणत ते सुट्टीवर येणाऱ्या लोकांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. आईने विचारलं की म्हणायचा, "एवढा सीझन जाऊ दे गं." सीझन काही जाईना. आई गॅलरीत बसून खालचा रस्ता बघायची आणि जेवताना ताईला विचारायची, "माझं घर मोकळं झालं का?"

ताई म्हणायची, "होईल." ही 'होईल' म्हणणारी ताईच दर खेपेला त्या घरात जाऊन चादरी बदलत होती. परक्या बाईने आईच्या कपाटाला हात लावायला नको, असं तिने स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे छोटूने सांगितलं आणि तिला नाही म्हणता आलं नाही. भावाला नावं ठेवायची आणि त्याचेच टॉवेल वाळत घालायचे, हे आपलं वागणं तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

कोर्समधल्या बाईंनी छोटूला एक मंत्र दिला होता. घर राहतं वाटलं पाहिजे. पाहुणा आत आला की कुणीतरी आत्ताच उठून आत गेलंय असं वाटलं पाहिजे. छोटूने मंत्र मनावर घेतला. आईला घरातून काढलं आणि आई आत्ताच उठून गेल्याचा देखावा मांडला. खिडकीशी तिची वेताची खुर्ची. खुर्चीवर उघडं पुस्तक, नेहमी तेच पान. पुस्तकावर आईचा चष्मा. शेजारच्या टोपलीत तिचं अर्धवट विणकाम, निळी लोकर, सुया तशाच खोचलेल्या. पाहुणे गेले की ताईने हे सगळं फोटोत होतं तस्संच मांडायचं. सुयांची टोकं दाराकडे हवीत, हेही छोटूने सांगून ठेवलं होतं.

आणि तिकडे तिसऱ्या मजल्यावर आई जुन्या, चरे पडलेल्या चष्म्यातून पेपर वाचत होती.

"चांगला चष्मा कुठे गेला गं माझा?"

"घरी आहे. आणते," ताई म्हणायची. एकदा तिने तो पर्समध्ये टाकलाही. संध्याकाळी छोटूचा फोन. "ताई, गेस्टने फोटो पाठवलाय. चष्मा नाहीये पुस्तकावर. तिथे एकदम मेल्यासारखं वाटतंय." ताईने मुकाट्याने चष्मा परत नेऊन ठेवला. त्या दिवशी तिला भावापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

मग कुणा पाहुण्याने अभिप्रायात लिहिलं की घर सुरेख आहे, मायेचं आहे, फक्त या खुर्चीतल्या आजी भेटल्या असत्या तर फार बरं वाटलं असतं. दुसरा एखादा हे वाचून वरमला असता. छोटूला कल्पना सुचली.

"आईला आणू या," तो ताईला म्हणाला. "तास-दोन तास. गेस्ट आले की ती खुर्चीत बसलेली. या, बसा म्हणेल, सरबत देईल, फोटो काढतील. मग मी तिला सोडतो परत तुझ्याकडे."

"तिच्याच घरात तिला पाहुणी म्हणून नेणार?"

"पाहुणी कुठे? होस्ट!" छोटू म्हणाला. "तिलाही तेवढाच चेंज." हे बोलताना त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की ताईला हसावं की त्याच्या श्रीमुखात भडकवावी हे कळेना.

शनिवारी त्याने आणि त्याच्या ड्रायव्हरने मिळून आईला खुर्चीत बसवून तिन्ही जिने खाली उतरवलं. ड्रायव्हर सांभाळून पाऊल टाकत होता. छोटू "सावकाश, सावकाश" ओरडत होता आणि खुर्चीला फक्त हात लावून होता. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि ताईला न सांगता औषधांचा डबा पिशवीत भरला होता. ताईला तो दिसला. तिने पिशवी उचलून गाडीत ठेवली.

घरात शिरल्यावर आईने आधी चष्मा उचलला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. मग पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "हे मी कधीच वाचून संपवलं होतं," एवढंच म्हणाली. खुर्चीत बसून तिने विणकाम हातात घेतलं, दोन ओळी उसवल्या. कुणीतरी मध्येच भलतेच टाके घातले होते.

पाहुणे आले. नवरा-बायको आणि त्यांची शाळकरी लेक. छोटूने दोन्ही हात पसरून ठेवणीतलं हसू काढलं. "या, या! ही माझ्या आईची वास्तू. आपलंच घर समजा." पाहुण्यांसमोर तो आईलाही अहो-जाहो करू लागला. "आई, पाहुणे आलेत बरं का तुमचे."

"दिसतंय मला, चष्मा मिळालाय आता," आई म्हणाली.

मुलगी सरळ जाऊन खुर्चीशेजारी बसली. आईने तिला सुई कशी धरायची ते दाखवलं. तिच्या आईला सांगितलं की मोरीतला नळ गच्च पिळू नका, वायसर जातो. आणि खिडकी अडली तर खालून एक गुद्दा द्यायचा. छोटू मान डोलावत होता, जणू हे सगळं त्यानेच लिहून दिलं होतं. सरबत झालं, फोटो झाले. मग त्याने घड्याळात बघितलं आणि आवाजात मध घोळला.

"चला आई. गाडी आली आपली."

"कुठे?"

"असं काय करता? ताईकडे."

आईने सुई टाक्यात खोवली आणि त्याच्याकडे नाही, पाहुण्या बाईकडे बघून विचारलं, "घरात पाहुणे आलेत आणि घरची बाई उठून दुसरीकडे झोपायला जाते, असं कुठे ऐकलंय का हो तुम्ही?"

"अगंबाई, नाही!" ती बाई म्हणाली. "आमच्यामुळे तुम्ही कशाला जाताय? आम्हाला उलट आवडेल." मुलीने तर आईचा हातच धरला.

"मला मागची खोली पुरते," आई म्हणाली. "ताई, कुलूप काढ."

मागच्या खोलीत छोटूचे जादा टॉवेल, साबणाचे खोके आणि चादरींचे गठ्ठे कोंबलेले होते. किल्ली ताईच्या जुडग्यात होती. छोटू पाहुण्यांकडे बघून हसत होता आणि ताईकडे बघून डोळे वटारत होता; एकाच चेहऱ्यात दोन्ही बसवताना त्याची पार त्रेधा उडाली होती. हा माणूस पाहुण्यांसमोर काहीही बोलू शकणार नाही, हे ताईच्या लक्षात आलं. इतके दिवस आपण याला नाही कसं म्हणावं म्हणून झुरत होतो. नाही म्हणायची गरजच नव्हती. ताईने कुलूप काढलं, गठ्ठे उचलून छोटूच्या हातात दिले आणि म्हणाली, "गाडी आलीच आहे, तर एवढं घेऊन जा."

तीन दिवस छोटूने ताईचा फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी अभिप्राय आला. समुद्राबद्दल एक ओळ आणि आजींबद्दल सगळा मजकूर. छोटूचा राग पाण्यासारखा वाहून गेला. जाहिरातीतल्या सोयींमध्ये त्याने गरम पाणी आणि गाडी लावायला जागा यांच्यामध्ये 'प्रेमळ आजी' घालून टाकली आणि भेटेल त्याला सांगत सुटला की आईला तिच्या घरी परत आणायचं हे पहिल्यापासून त्याच्या मनात होतं. ताईने ते ऐकून कपाळाला हात लावला. पण आई अंगणात कुंड्यांना पाणी घालत होती, तेव्हा ताईने ते श्रेय त्याला खुशाल घेऊ दिलं.

प्रेमळ वगैरे आई नव्हतीच. पलंगावर ओला टॉवेल टाकला की ती पाहुण्यांना फैलावर घ्यायची. उशिरा उठणाऱ्यांच्या दारावर काठी आपटायची. लोक जाताना तिच्या पाया पडल्यासारखे वाकून निरोप घ्यायचे आणि पुन्हा येऊ म्हणायचे. या लोकांना घरी कुणी रागावणारं नसावं, असं ताईला वाटायचं. आजींनी आमच्याशी पुरेशा गप्पा मारल्या नाहीत, अशी एकाने तक्रार केली तेव्हा छोटूने फोन करून आईला जरा हसतमुख राहायला सांगितलं. आईने फोन पालथा ठेवून दिला.

मग छोटूच्या घरी रंगकाम निघालं. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. रंगाच्या वासाने त्याचं डोकं उठलं आणि तो बॅग घेऊन आईच्या दारात हजर झाला. ताई तेव्हा पुढच्या खोलीत चादर घालत होती.

"आजची रात्र झोपतो इथे. कुणी नाहीये ना?"

"उद्या दुपारी येणार आहेत," आई म्हणाली. तिने कपाटातून टॉवेल काढला, घडी नीट केली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. "या. आपलंच घर समजा. गरम पाणी सात ते नऊ. सकाळी अकराला खोली सोडायची."

छोटू मोठ्याने हसला. "आई, कमाल करतेस! मला काय सांगतेस हे?"

आई हसली नाही. ती अजून टॉवेल धरून उभी होती, म्हणून त्याला तो घ्यावा लागला. काय करावं ते न कळून तो खिडकीशी गेला आणि टोपलीकडे बघून थबकला.

"ते निळं विणकाम कुठे गेलं? आई, सगळ्या फोटोंत आहे ते! गेस्ट विचारतात."

"संपवलं. उसवून लहान मापाचं केलं. ती पहिली मुलगी आलेली ना, तिला पाठवला स्वेटर."

"अगं, मग टोपलीत दुसरं काहीतरी ठेव. अर्धवटच ठेव पण."

"लोकर संपली," आई म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी घेतली होती, तुझ्या मापाची. तुझ्या वाढदिवसाला स्वेटर द्यायचा होता."

छोटू टोपलीत बघत राहिला. ताईला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. निदान एकदा मनापासून 'आई' म्हणेल. छोटू वेताच्या खुर्चीत बसायला गेला.

"ती माझी आहे," आई म्हणाली. "पाहुण्यांची खुर्ची तिकडे."

तो उठला आणि तिकडे जाऊन बसला, मांडीवर टॉवेल घेऊन.