मागे कोण बसणार

सकाळी साडेआठपर्यंत मी जावईबापूंना अकरा फोन लावले होते. लेकीचा फोन बंद. व्याह्यांचा नंबर माझ्याकडे कधी नव्हताच, कारण आमचं सगळं बोलणं बायकांच्या मार्फत चालतं. दुकानात मी शटरपासून जॅकपर्यंत आणि जॅकपासून शटरपर्यंत येरझारा घालत होतो. आमचा मिस्त्री एक चाक बॅलन्स करता करता माझ्याकडे न बघण्याचं काम मोठ्या निष्ठेनं करत होता.

झालं होतं असं, की घरी चहा पिताना बायको सहज म्हणाली, "निघाली असतील आता मंडळी."

"कोणती मंडळी?"

"अहो, सगळीच. जावई, आपली लेक, व्याही, विहीणबाई आणि छकुली. चार दिवस डोंगरावर जातायत. सातला निघणार होते. तुमच्याच नव्या टायरांवर."

पाच माणसं, वर चार दिवसांचं सामान. कप तसाच ठेवून मी चपला पायात सरकवल्या. बायको मागून विचारत राहिली की काय झालं, आणि मी तिला "काही नाही" म्हणालो. लग्नाला तेहतीस वर्षं झाली आहेत, त्यामुळे काहीतरी झालंय हे तिला तेवढ्यावरून कळलं.

मी टायरवाला. त्यातही नाही म्हणणारा टायरवाला, अशी माझी ख्याती आहे. पोरं गाडीच्या स्प्रिंगा बदलून ती जमिनीला टेकवतात, कुठून तरी भलीमोठी चाकं आणतात आणि म्हणतात, काका, यावर बसेल तेवढा रुंद टायर चढवा. मी त्यांना उभ्या उभ्या फटकारतो. टायरवरच्या आकड्यांत पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायर किती उंच त्याचा, तिसरा चाकाचा. चाक वाढलं की टायरची उंची कमी करायची, म्हणजे एकूण गोल पहिल्याएवढाच राहतो. एवढं आता फोनमध्ये बघून कुणीही सांगतं. पण फोन एक गोष्ट विचारत नाही, ती मी विचारतो. मागे कोण बसणार?

कारण रिकामी गाडी खोटं बोलते. जॅकवर असते तेव्हा तर साफच फसवते. मागे तीन माणसं बसली की खाली आणलेली गाडी आणखी चार बोटं बसते, आणि मडगार्डची आतली पत्र्याची कड टायरच्या खांद्यावर येते. प्रत्येक खड्ड्याला थोडं थोडं कापत जाते. असा कापलेला एक टायर मी दुकानाच्या दारात टांगून ठेवलाय. त्याच्या कडेनं गोल चर पडलाय आणि आतले दोरे दिसतात. तो माणूस वाचला, पण त्याची गाडी पुन्हा रस्त्यावर आली नाही.

म्हणून आमच्याकडे खडू असतो. टायर बसवला की मडगार्डच्या आतल्या कडेला खडू घासायचा, गाडीत माणसं भरायची, समोरच्या स्पीडब्रेकरवरून न्यायची आणि उतरून बघायचं. टायरवर पांढरी रेघ उमटली तर टायर उतरवायचा, मग गिऱ्हाईक कोणीही असो.

पूर्वी माणसं भरायला माझी लेकच असायची. शाळा सुटली की दुकानात यायची आणि मागच्या सीटवर मिस्त्रीशेजारी बसायची. चाक बॅलन्स करताना लावतात त्या शिशाच्या तुकड्याएवढी होती, म्हणून मिस्त्रीनं तिचं नाव पासंग ठेवलं. पासंग नुसती बसायची नाही. कान आतल्या पत्र्याला लावून ऐकायची आणि घासल्याचा आवाज आला की काचेवर टकटक करायची. खडूच्या आधी तिला कळायचं. मोठमोठे मिशीवाले गिऱ्हाईक त्या टकटकीला घाबरून असायचे.

आणि काल मी जावयाच्या गाडीला खडू लावला नाही.

आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमचे जावई साहेब माणूस. काचेच्या इमारतीत बसतात. आठ वर्षांत ते दुकानात कधी आले नव्हते, आणि हातांना वंगण लागलेला सासरा त्यांना थोडा जड जातो असं मला उगाच वाटायचं. ते काल स्वतःहून आले. गाडी खाली बसवून घेतलेली, एकोणीस इंची चाकं, रंग असा चकचकीत की त्यात बघून मिशी विंचरावी. म्हणाले, "बाबा, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तुम्हीच बसवा." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर.

मी दोनशे पंचवीस रुंदीचा काढून ठेवला होता. त्यांना दोनशे पस्तीस हवा होता, मडगार्ड गच्च भरलेलं दिसतं म्हणून. दहा मिलिमीटरनं काय होतं, असं ते म्हणाले. पाच मिलिमीटर बाहेर येतं आणि साडेतीन वर जातं, आणि त्या गाडीत एवढीही जागा नव्हती. मी आत बोट घालून बघितलं, तर ते जेमतेम शिरलं. रिकाम्या गाडीत जेमतेम. मिस्त्रीनं खडूचा डबा उचलून माझ्याकडे बघितलं. मी हातानंच राहू दे म्हणालो. जावई पहिल्यांदा दारात आलेत, त्यांना मागे कोण बसणार हे कसं विचारायचं? मिस्त्रीनं डबा जागेवर ठेवला आणि मग संध्याकाळभर तो एक शब्द बोलला नाही. तसा तो एरवीही चारच बोलतो.

पावणेनऊला मला दुकानात थांबवेना. गाडी काढून त्यांच्या घराकडे गेलो. फाटक बंद होतं. शेजारच्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या, त्या म्हणाल्या, "गेले की सगळे. पण जाताना काहीतरी वाजलं होतं हो त्यांच्यात." काय वाजलं ते त्यांना माहीत नव्हतं, किंवा मला सांगायचं नव्हतं. मी तसाच मोठ्या रस्त्याला लागलो. कडेला उभी असलेली प्रत्येक गाडी बघत चाललो होतो. एकदा एका पुलाखाली चार माणसं एका पंक्चर चाकाभोवती उभी दिसली आणि मी गाडी कडेला घेऊन धावत उतरलो. ती दुसरीच माणसं होती. त्यांनी मला पाणी विचारलं, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल बघा.

छकुली मधल्या जागी बसते. तिला उजवीकडची खिडकी हवी असते, म्हणून ती आजीच्या मांडीवरून वाकून उजवीकडेच कलते. मला तेवढंच दिसत होतं. बारा नंबरचा पाना हातात घेतल्यापासून आजपर्यंत मी अनोळखी माणसांच्या पोरांसाठी भांडलोय आणि स्वतःच्या नातीच्या वेळी माझी जीभ रेटली नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं वाटत होतं, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

तेवढ्यात मिस्त्रीचा फोन आला. "मालक, या. गाडी इथं आलीय."

"आणि माणसं?"

"एक."

त्यानं फोन ठेवून दिला. या माणसाला नोकरीवर घेतलं तो दिवस आठवून मी गाडी वळवली.

दुकानासमोर जावईबापूंची गाडी उभी होती, धडधाकट. लेक स्टुलावर बसून मिस्त्रीचा चहा पीत होती. मी पोचलो तरी ती उठली नाही.

"छकुली कुठाय?"

"आजीच्या मांडीवर, भाड्याच्या गाडीत. माझा फोन पण तिच्याकडेच आहे, मधेच कुणाचा फोन नको म्हणून फ्लाइट मोडवर टाकून गेम खेळतेय. सगळे पुढे गेलेत."

माझ्या जिवात जीव आला. तो पुरता आलाही नव्हता तेवढ्यात ती म्हणाली, "मागचं उजवं चाक बघा."

मी उकिडवा बसलो. टायरच्या खांद्यावर बोटभर रुंद गुलाबी रेघ होती. घासून घासून मधे तिचा रंग जवळजवळ गेला होता.

"छकुलीच्या पाटीचा खडू," ती म्हणाली. "निघताना मी आत हात घालून बघितलं. सगळ्यांना बसवलं, गल्लीच्या टोकाच्या स्पीडब्रेकरवरून नेलं आणि उतरून टॉर्च मारला. सासूबाईंना वाटलं माझं डोकं फिरलंय. हे म्हणाले, तुझ्या बाबांनी बसवलेत, ते चुकतील का? त्यांचं बरोबर आहे. ते चुकतील का?"

मिस्त्री आत जाऊन उगीच पाने लावत बसला.

"काल तुमच्याकडे खडू संपला होता का, बाबा?"

"नाही."

"मग?"

जावईबापू पहिल्यांदा आले होते, त्यांचा मान होता, गाडी नवी कोरी दिसत होती. तिच्यासमोर यातलं एकही कारण तोंडातून बाहेर निघायला तयार नव्हतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मलाही चार शब्द सुनावता आले असते. ती नुसती बघत होती.

"दारात कुणीही येऊ दे, तुम्ही आधी विचारता मागे कोण बसणार," ती म्हणाली. "या गाडीत मागे मी बसणार होते."

तेवढ्यात माझा फोन वाजला. जावईबापू. मी स्पीकर लावला, का ते मला माहीत नाही.

"बाबा, तुमचे फोन आत्ता बघितले. ही आलीय ना तिकडे? जरा समजवा तिला. माझा एक मित्र म्हणाला, थोडं घासतं सगळ्यांचंच. नवे टायर आहेत, बसतील हळूहळू. आई-बाबांसमोर उगाच तमाशा झाला. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल ती."

सुटायला वाट होती. हं, बघतो मी, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. जावयाचा शब्द राहिला असता, माझं नाव राहिलं असतं, आणि लेक खुळी ठरली असती. ती स्टुलावरून माझ्याकडे बघत होती. लहानपणी काचेला बोट लावून, टकटक करण्याआधी बघायची तशी.

"नाही," मी म्हणालो. "ती बरोबर आहे. टायर बसणार नाहीत, कापले जातील. आणि जावईबापू, मला हे काल माहीत होतं."

"माहीत होतं?"

"माहीत होतं. तुम्हाला नाही म्हणवेना, म्हणून बसवले. चुकलं माझं."

मागून छकुलीचा आवाज आला, तिला भूक लागली होती. मग जावईबापू वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मग आता कुठले?"

"दोनशे पंचवीस. आणि कड थोडी आत वळवून देतो."

"फार वाईट दिसतील का हो, बाबा?"

"थोडेसे," मी म्हणालो. लेक पहिल्यांदा हसली, पण तोंड दुसरीकडे करून.

अकरापर्यंत आम्ही चारही टायर बदलले. मिस्त्रीनं मागच्या मडगार्डच्या कडा आत वळवल्या आणि न विचारता खडूचा डबा माझ्या हातात दिला. मी दोन्ही बाजूंना खडू लावला. वाळूच्या पिशव्या भरल्या, एक विहीणबाईंची, एक सामानाची, वर हवेचा छोटा पंप छकुली म्हणून. मिस्त्री व्याह्यांच्या जागी पुढे बसला. लेक मागे उजव्या कोपऱ्यात बसली आणि तिनं कान पत्र्याला लावला. आता ती मावत नव्हती तिथं, मान वाकडी करावी लागली.

मी गाडी स्पीडब्रेकरवर घातली. कान मागे होते. टकटक झाली नाही. उतरून बघितलं, टायर काळा स्वच्छ. वळवून आणली, पुन्हा गेलो, जरा वेगात. मग तिरकी नेली, एक चाक आधी चढेल अशी.

"लागत नाही, बाबा."

"हं."

मी गाडी परत वळवली.

"अहो बाबा, चौथ्यांदा चाललोय आपण."

"काल एकदाही गेलो नव्हतो," मी म्हणालो, आणि गाडी स्पीडब्रेकरकडे नेली.